पाण्यात पाय

काश्मीरच्या त्या उंचावरच्या तळ्याच्या कडा बर्फ वितळून नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या. मधोमध मात्र अजून बर्फाची एक निळसर लादी तरंगत होती. वृंदाने पाठीवरची सॅक उतरवली, तोच तिच्या गळ्यातला पट्टा बोलला, "भावोजी, काय सुंदर आहे हो!"

आवाज ऊर्मीचा होता, वृंदाच्या धाकट्या बहिणीचा. अपघातानंतर ती मिरजेत अंथरुणाला खिळली होती. वृंदाला जे दिसे, ऐकू येई, तिच्या अंगाला जे जाणवे, ते सगळं या पट्ट्यामुळे ऊर्मीपर्यंत पोचत असे.

"ऊर्मी, त्या लादीची कड बघ," निरंजन म्हणाला. तो आपल्या बायकोच्याच डोळ्यांत बघून बोलत होता, पण तिच्याशी नाही. सगळी चढण त्याचं हेच चाललं होतं.

"ताई, बूट काढ ना. पाण्यात पाय घाल!"

वृंदाने बूट काढले आणि मग पट्टाही काढून ठेवला.

"अगं, ती वाट बघतेय," निरंजन दचकून म्हणाला.

"बघू दे. पाय माझे आहेत ना?"

तिने दोन्ही पाय पाण्यात सोडले. कळ थेट मस्तकात गेली. ती किंचाळली, तसा निरंजन हसत सुटला आणि त्याने तिला दंडाला धरून सावरलं. कितीतरी दिवसांनी तो तिच्याकडे, फक्त तिच्याकडे बघत होता.

पाय कोरडे करून तिने पट्टा पुन्हा बांधला.

"ताई, कुठे गेली होतीस? एकदम अंधार झाला गं," ऊर्मीचा आवाज कापत होता.

"इथेच आहे मी. आता घालते हं पाय," वृंदा म्हणाली, जणू पहिल्यांदाच घालत होती.