रस्त्यापलीकडून

“तिन्ही गिटारी विमानात डोक्यावरच्या कप्प्यात आरामात मावतात,” दुकानदार म्हणाला. अन्विताने त्यातली सगळ्यात छोटी उचलली. परदेशात वसतिगृहाची खोली लहान असणार. हिचा आवाजही नाजूक होता. कुणाला त्रास नको.

घरी ती वाजवायला बसली, की बाबा शेजारच्या खोलीचं दार लोटून घ्यायचे. बरं-वाईट एक अक्षर बोलायचे नाहीत. त्या दाराचा आवाज ती कित्येक वर्षं खाली मान घालून ऐकत आली होती. आज ते आपणहून सोबत निघाले, तेव्हा तिला नवलच वाटलं.

“आलोच,” म्हणून बाबा अचानक दुकानाबाहेर पडले. कंटाळले असणार. तेवढ्यात तिचा फोन वाजला. काचेतून पाहिलं, तर रस्त्यापलीकडे, रसवंतीच्या खुळखुळत्या घुंगरांपाशी बाबा उभे होते. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट.

“फोन स्पीकरवर टाकून ठेव आणि एकेक वाजवून दाखव,” ते ओरडून म्हणाले. “तू तिकडे परदेशात गेलीस, की फोनवर नीट ऐकू यायला पाहिजे. रोज वाजवतेस तेच वाजव.”

तिने छोटी वाजवली. “छे! ही घुंगरांतच बुडाली.” दुसरी वाजवली. “बरी आहे.” तिसरी दोन्हींपेक्षा जड होती. तिच्यावर तिने बरंचसं वाजवलं, तरी बाबा काही बोलेनात. फोन कटला असावा, म्हणून तिने हात थांबवला.

“थांबलीस का गं?” फोनमधून बाबांनी विचारलं. “शेवटचा तुकडा राहिला की. तो तू नेहमी दोनदा वाजवतेस.”