धम्मप्रियाचं खातं

“स्नॅप, फ्लॅटपॅक का ॲपइमेज? प्रोग्राम कुठल्या पुडक्यात बांधायचा ते आज ठरवायचंच,” खुर्ची ओढत बसवराज सर म्हणाले. “जूनला चौदा शाळांत नवे संगणक येणार. एकात एका जातीचं लिनक्स, दुसऱ्यात दुसऱ्या. आपला टायपिंगचा प्रोग्राम एकाच पुडक्यातनं सगळीकडं चालला पाहिजे बघा.”

इथं संगणक शिकवणारी संघप्रिया पडद्यांकडं बघत होती. संस्थेच्या सोलापुरातल्या शाळेतली संगणकाची खोली, मे महिन्याची दुपार. सुट्टीतला वर्ग भरायला अजून तासभर होता. समोरच्या वीसच्या वीस पडद्यांवर एकच नाव होतं : धम्मप्रिया.

प्रोग्राम लिहिला होता तिच्या थोरल्या बहिणीनं, याच धम्मप्रियानं. लिहिताना एक चूक राहून गेली. मुलांचा सराव कुठं साठवायचा, तो पत्ता तिनं स्वतःच्याच खात्याचा घातला. त्यामुळं ज्या संगणकावर त्या नावाचं खातं नाही, तिथं प्रोग्राम उघडायलाच तयार होईना. चूक दुरुस्त करायच्या आत ती डेंग्यूनं गेली. मग शाळाशाळांतल्या सरांनी आपल्या डोक्यानं सोपा मार्ग काढला. वैराग म्हणू नका, जेऊर म्हणू नका, जिथं प्रोग्राम टाकला तिथं धम्मप्रिया नावाचं खातं उघडून ठेवलं. तीन वर्षं झाली, मुलं तिच्या नावानं आत शिरतात आणि तिच्या नावानं सराव करतात.

गेली तेव्हा ताईचा वेग मिनिटाला एक्केचाळीस शब्द होता. पहिल्या संगणकावरचा आलेख आता अठ्ठावन्नवर पोचला होता. गेलेलं माणूस दिवसेंदिवस सुधारत होतं. तो आलेख बघून संघप्रियाच्या अंगावर रोज सकाळी काटा यायचा, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. कारण त्याच आलेखावर तिच्या आईचा दिवस उगवत होता. मुक्ताबाई याच शाळेत झाडलोट करायची. फरशी पुसून झाली की पहिल्या संगणकापुढं उभी राहायची आणि म्हणायची, “आज बी लई लिवलं पोरीनं.”

“फ्लॅटपॅक घेऊ की,” सर म्हणाले. “त्यात प्रोग्रामला स्वतःची बंद खोली मिळते. जरा खटपट केली तर धम्मप्रिया मॅडमचं खातं आतल्या आत जसंच्या तसं थाटता येईल. त्यांच्या कोडला हात लावायला नको.”

“त्याचा पसारा उतरवून घ्यायला जेऊरला इंटरनेट कुठाय, सर?”

“मग स्नॅप.”

“ते आपल्या मर्जीनं अपडेट होतं. नेमकं परीक्षेच्या दिवशी झालं म्हणजे? ॲपइमेजच बरी. एकच फाइल. पेन ड्राइव्हवर न्यायची आणि चालवायची.”

“पण तिला तशी बंद खोली नसते. खात्याची ती चूक काढल्याशिवाय चालायची नाही.”

“काढली काल. एका ओळीचं काम होतं.”

कारणं सगळी खरी होती. पण संघप्रियाला आतून ठाऊक होतं, जेऊरच्या इंटरनेटसाठी तिनं हे केलं नव्हतं. तिला ताईपासून सुटका हवी होती.

“तिला काढनार व्हय आज?”

दारात आई उभी होती, हातात बादली.

“आई, पोरांचा सराव पोरांच्या नावावर नको का?”

“पोरांचं पोरास्नी दे की. मी कुटं न्हाय म्हनती? तिचं तेवढं ऱ्हाऊ दे.”

“ती त्यात नाहीये, आई!”

आवाज चढला तसे सर उठून बाहेर गेले. मुक्ताबाईनं फडकं पिळलं आणि खाली बसून कोपरा पुसायला घेतला. तो कोपरा सकाळीच पुसून झाला होता.

संघप्रियानं पहिल्या संगणकापासून सुरुवात केली. फायलींसकट खातं काढायचं का, असं यंत्रानं विचारलं. तिनं ‘हो’ दाबलं. आलेख गेला. आईकडं न बघता ती पुढच्या खुर्चीवर सरकली, मग त्याच्या पुढच्या. विसावं खातं काढलं तेव्हा मान भरून आली होती, पण इतकं हलकं तिला तीन वर्षांत वाटलं नव्हतं. प्रत्येक संगणकावर नवी फाइल ठेवून तिनं प्रोग्राम उघडला. चूक निघाली तसा आता तो आधी मुलाचं नाव विचारत होता. रिकाम्या चौकटी वाट बघत उभ्या होत्या.

मुली आल्या, आपापल्या जागी बसल्या. संघप्रिया हौसेनं ओळीमागनं फिरू लागली. पहिलीनं लिहिलं, धम्मप्रिया. दुसरीनंही तेच. तिसरीनंही. ती भराभर शेवटपर्यंत गेली. विसाव्या खुर्चीवरच्या मुलीचं शेवटचं अक्षर तेवढं व्हायचं होतं.

“तुझं नाव काय गं?”

“दानेश्वरी, मॅडम.”

“मग हे काय लिहितेस?”

“ह्याच नावानं उघडतंय की ते. दुसरं लिवलं तर उघडत न्हाय,” दानेश्वरी म्हणाली. एवढं साधं मॅडमला कसं माहीत नाही, असं तिच्या तोंडावर होतं.

आता उघडतं, स्वतःचं नाव लिही, हे संघप्रियाच्या ओठांपर्यंत आलं. पण दानेश्वरीचं बोट कळीवर पडलं होतं. पाठोपाठ खोलीभर वीस कळा वाजल्या. पडदे पांढरे झाले आणि नवं मूल आलं की त्याच्या नावापुढं उमटावं म्हणून ताईनं लिहून ठेवलेलं, त्या चुकीमुळं आजवर कधीच कुणाला न दिसलेलं वाक्य वीस ठिकाणी उमटलं.

मुक्ताबाई ओले हात पदराला पुसत पुढं आली. पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत तिनं मोठ्यानं वाचलं :

“धम्मप्रिया... आज... तुझा... पहिला दिवस आहे.”