मुखपृष्ठावरचा चेहरा

बेवारस कुत्र्यांसाठी निधी जमवायला पाराना नदीकाठच्या एका शाळेतली तिसरीची पोरं चित्रांची पुस्तकं बनवत होती. मुखपृष्ठं नेहमीसारखीच, दुकानदारांनी टाकून दिलेल्या खोक्यांची. सगळ्यांनी खोक्यांवरची छपाई रंगाने झाकली. नेलिदाने मात्र बसिलियोशेठचा मिशीवाला चेहरा तसाच ठेवला. त्यांच्या 'माते' नावाच्या चहाच्या खोक्यांवर तो असायचाच.

"अगं, रंगव की ते!" बाई ओरडल्या.

"राहू दे ना बाई. कार्यक्रमाला शेठच पाहुणे आहेत, त्यांना आवडेल."

आवडलंच. कार्यक्रमाच्या दिवशी एवढ्या पुस्तकांतून शेठनी नेमकं तेच उचललं, आपला चेहरा गावाला दिसेल असं उंच धरलं आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. "माझी कुत्री एका गोदामात व्याली. गोदामाच्या मालकाने पिल्लं गोणीत भरली आणि नदीत..."

आवाज एकदम खाली आला.

"मोठ्यांदा वाचा ना काका," नेलिदा गोड हसून म्हणाली. "शेवटचंच पान राहिलंय."

शेठनी पुस्तक मिटलं. मग तिनेच शेवटच्या पानावरची ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली.


"हे कुणी केलं ते बघायचं असेल, तर मुखपृष्ठ बघा."