काट्याचं बटन

वजनकाट्याच्या केबिनमधला कॉम्प्युटर चालू व्हायचा, चार ओळी टाकायचा आणि तिथंच गप पडायचा. बाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग पार काष्टीच्या रस्त्याला लागली होती. आता नंबर येईल, मग येईल म्हणत कुणी बैलही सोडले नव्हते. मुकी जनावरं मानेवर जू घेऊन उभी.

साखर कारखान्याचा कॉम्प्युटरवाला चेतन स्क्रीनपुढं बसला आणि काय झालंय ते त्याच्या लगेच ध्यानात आलं. लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी मूळ सिस्टीम, उठलं होतं. पण उठल्यावर ते स्वतः एकच प्रोग्रॅम सुरू करतं; पुढचे सगळे, वजनाचा काय, पावतीचा काय, त्या पहिल्याच्या हाताखाली उठतात. तो पहिलाच जागेवर नव्हता. सकाळी ऑफिसात बसून या मशीनवरच्या जुन्या फायली साफ करताना चेतननंच तो उडवला होता. मशीन चालू होतं तोवर काही कळलं नाही. दुपारी लाईट गेली, आली, काट्यावरच्या गहिनीनाथनं परत बटन दाबलं, आणि झालं!

साहेब येऊन गहिनीनाथला नको नको ते बोलून गेले होते. हंगामी माणूस. उद्यापासून काट्यावर यायचं नाही, म्हणाले. तो दाराशी उभा होता, बटन दाबलेला हात पाठीमागं धरून.

खिडकीतून ऊसतोडीच्या छबूबाईनं विचारलं, झालंय तरी काय. चेतननं जमेल तसं सांगितलं, तो प्रोग्रॅम कुणी उडवला तेवढं सोडून.

"म्हंजी मुकादमच उठला न्हाई," ती म्हणाली. "मग टोळी कशी उठंल?"

चेतननं पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि तो प्रोग्रॅम होता तिथं परत ठेवला. या खेपेला ओळी थांबल्या नाहीत. वजनाचा पडदा आला. बाहेर पहिली गाडी हलली.

तेवढ्यात साहेबांचा फोन. कशानं झालं म्हणून त्यांनी विचारलं. खरं काय ते चेतनच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"चालू झालाय, साहेब," एवढंच तो बोलला. स्वतःचीच किळस आली त्याला.

फोन ठेवून वळला तर गहिनीनाथ चहा घेऊन उभा. कप टेबलावर ठेवून तो हळूच म्हणाला,

"सर, बटन दाबताना माजं नेमकं काय चुकलं, तेवढं सांगा. दुसरीकडं कुटं लागलो तर परत न्हाई करनार."