जळत्या दोऱ्याचा वास

दत्तराव पाटलांनी घोंगडी अंगणात पसरून घेतली, चारी बाजूंनी फिरून पाहिली आणि मग ते उकिडवे बसले. आता ते दोरा ओढणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बानूबाईच्या घरची रीतच होती तशी. घेणाऱ्यानं पाहिजे तिथून एक दोरा स्वतःच्या हातानं ओढायचा आणि बानूबाईनं तो त्याच्यासमोर जाळायचा. केस जळल्यासारखा वास सुटला तर लोकर. चिंधी जळल्यासारखा आला तर कापूस.

“तुमच्यावर भरवसा न्हाई असं न्हाई, मावशी,” पाटील म्हणाले. “पण निजाम गेला अन् बाजारात गिरणीचा माल आला. मागच्या साली एक कांबळं घेतलं लोकरीचं म्हणून, निघाला निम्मा कापूस! अन् ही तर खंडोबाच्या बैठकीला पायजे. चंपासष्टीला देवाखाली कापसाचा एक दोरा चालत न्हाई आमच्यात.”

“ओढा की, पाटील! कुठूनबी ओढा!” घोंगडीचं दुसरं टोक धरून उभा असलेला येडबा छाती काढून म्हणाला. हा बानूबाईचा लेक. घोंगडी त्यानं विणली होती, लोकर कातली होती त्याच्या बायकोनं, कडूबाईनं. “कापूस निघाला तर घोंगडी चुलीत अन् कातणारी माहेरी!”

तो हसला. पाटीलही हसले. येडबा असलं बोलला की करूनही दाखवायचा. अंगणातल्या चुलीपुढं बसलेल्या कडूबाईच्या हातातली फुंकणी खाली पडली.

उजव्या काठाचे चार बोटं दोरे कापसाचे होते. लोकरीची शेवटची पाटी उंदरांनी नासवली, ते सासूला सांगायची कडूबाईला भीती वाटली. मग हिनं काय करावं? बाभळीच्या सालीच्या काढ्यात गंजके खिळे टाकले आणि त्यात कापूस उकळला. तो मेंढीसारखा काळाभोर निघाला. कातून, वर चिंचोक्याची खळ चढल्यावर तर विणणाऱ्या नवऱ्यालाही कळलं नाही. रंग बदलला, पोत बदलला. जळताना त्यानं कसा वास द्यावा, ते मात्र तिच्या हातात नव्हतं.

पाटलांनी हात डाव्या काठाकडे नेला. कडूबाईनं श्वास सोडला. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते उठले, वळसा घालून उजव्या काठाशी आले आणि तिथल्या दशीतला दोरा ओढला. एवढी लांबरुंद घोंगडी, पण नाही!

बानूबाईनं दोरा चिमटीत घेतला. तिची नजर अधू झाली होती, पण बोटं अजून शाबूत होती. खळ झडेपर्यंत तिनं तो चोळला, दुमडला आणि सोडला. मेंढीचा दोरा दुमडला तरी उसळून उठतो. हा पडूनच राहिला. तिनं पुन्हा दुमडून पाहिला. पुन्हा तेच.

तिनं मान वर केली आणि चुलीकडं पाहिलं. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“काय झालं, आये?” येडबानं विचारलं.

“काय न्हाई. डोक्यात खाज सुटली मेली.”

पाटील येडबाला मेंढरांचं विचारू लागले. बानूबाईनं पदर मागं सारला, टाळू खाजवली आणि कचकन चार केस उपटले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते करडे केस तिनं दोऱ्याला पीळ द्यावा तसे त्याच्याभोवती गुंडाळले. कडूबाईशिवाय ते कुणी पाहिलं नाही.

“पोरी, कोलीत आण.”

कडूबाईनं चुलीतलं जळतं लाकूड आणलं. बानूबाईनं तिचं मनगट धरून ते दोऱ्याखाली नेलं. दोरा पेटला, चुर्रकन आखडला, आणि केस जळल्याचा तो नाकात शिरणारा वास अंगणभर झाला.

“लोकर!” पाटलांनी मान डोलावली. “मानलं, मावशी!” ते घोंगडीची घडी घालू लागले.

“ती ठेवा खाली. ती न्हाई द्यायची.”

“आं? कामून?”

“उजवा काठ बिघडलाय. देवाच्या बैठकीला मी असला माल देत न्हाई. चंपासष्टीला महिना हाय. दुसरी करून देते.”

“काठाचं काय घेऊन बसलात! लोकर तर खरी हाय ना?”

“दुसरी देते म्हणलं ना, पाटील.”

येडबा चरफडला. दारात आलेलं गिऱ्हाईक आई परत पाठवायलीय, हे त्याच्या डोक्यात शिरेना. पण आईपुढं त्याचं कधी चाललंय! तो मुकाट्यानं पाटलांना पिंगळीच्या गाडीला बसवून द्यायला निघाला.

ते दोघं वळणाआड गेले तशी कडूबाईनं सासूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके देत उंदरांचं सगळं सांगून टाकलं.

“मग तवाच सांगायचं की गं! चार शिव्या दिल्या असत्या अन् शेजारच्या भिवराबाईकडून लोकर आणली असती. झालं असतं ना?”

“चुकले, आत्याबाई. पुन्हा न्हाई व्हायचं असं.”

बानूबाईनं टाळूवरची दुखरी जागा चोळली आणि पदर डोक्यावर घेतला.

“नकोच होऊ दिऊ, माय. माझ्या डोक्यावर तरी आता किती राहिलेत?”