रेंज नसलेला पुरावा

“आरोपीनं मोबाइलवर चाळीस वेळा शोधलं : कपड्यावरचे रक्ताचे डाग कसे काढावेत,” सरकारी वकिलांनी अहवाल वाचला. खटला शेजाऱ्याच्या खुनाचा होता. पिंजऱ्यातल्या सुदामला जन्मठेप दिसू लागली.

त्याचे वकील उठले. “साहेब, शोधलं एकदाच. दाढी करताना कापलं, शर्टाला डाग लागला. गावात रेंज नाही. पेज उघडेना म्हणून बिचारा बटण दाबत राहिला. पोलिसांनी दाबणं मोजलं.”

न्यायाधीशांना हे पटेना. त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला, तेच टाइप केलं. चक्र फिरत राहिलं. त्यांनी परत दाबलं. परत दाबलं. मग खिडकीशी जाऊन, हात उंच करून दाबलं.

“साहेब, आता पुरे,” सुदामचे वकील अदबीनं म्हणाले. “तुम्ही आरोपीच्या पुढे गेलात.”

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. “सुटला म्हणायचा तुमचा माणूस! पण आता उत्तर कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.”

सुदामला भरून आलं. साहेबांसाठी काहीतरी करावं, असं त्याला मनापासून वाटलं.

“गार पाणी आणि मीठ, साहेब,” तो म्हणाला. “अख्खी सतरंजी स्वच्छ निघाली.”