पुष्पलताबाईंचे उपास

पुष्पलताबाईंच्या पुण्याईवर महाल भागातली अख्खी गल्ली तरून जाणार होती. तूर्त त्यांचं वजन छत्तीस किलो होतं आणि त्यांचे यजमान मनोहरराव त्यांना दवाखान्याच्या काट्यावरून दंड धरून उतरवत होते.

“डॉक्टरसाहेब, औषध नका देऊ,” खुर्चीत टेकायच्या आत मनोहररावांनी सुरुवात केली. “तुम्ही हिले फक्त दम द्या, उपास बंद कर म्हणून. माझं तं ऐकतच नाही.”

वैतागायला त्यांना कारण होतं. बायको तीन वर्षांपासून सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरत होती. त्यात चतुर्थी, एकादशी, प्रदोष. गेल्या पोळ्यापासून मंगळवारही गेला. उपासाला साबुदाणासुद्धा चालत नसे. नुसतं ताक, तेही घोटाघोटानं. कोराडीच्या वीजकेंद्रात मनोहररावांच्या हाताखाली अकरा कारकून होते आणि अकराही ऐकत होते. घरात एक बाई ऐकत नव्हती. वर शेजारणी तिच्या पाया पडायला येत. चेहऱ्यावर तेज आलं म्हणत. ते गालाचं हाड होतं.

मनोहररावांच्या आई कुसुमताई यांची मात्र काही तक्रार नव्हती. डॉक्टर सुनेचं व्रत मोडतो की काय, यावर नजर ठेवायला त्याही सोबत आल्या होत्या.

डॉक्टरांनी पुष्पलताबाईंकडे पाहून विचारलं, “घास गिळताना अडकतो का?”

“घास घेईल तं अडकेल ना!” मनोहरराव म्हणाले.

“मी त्यांना विचारून राहिलो.”

“विचारा ना जी. मी कुठं नाही म्हणून राहिलो?”

“पाणीपण अडकतं का?”

“काहून अडकेल?” कुसुमताई म्हणाल्या. “तांब्याभर पिते चांगली. उभी राहून. घोट झाला की दोन्ही हात वर करते. मधामधात सूर्याले हात जोडते बाई ते.”

“सकाळी, उन्हात?”

“नाही, स्वयंपाकघरातच.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आडवं झाल्यावर खाल्लेलं तोंडात येतं?”

“तसं काही नाही,” मनोहरराव म्हणाले. “उशीवर टॉवेल टाकून झोपते, बस. सवय आहे तिची. तुम्ही उपासाचं बोला ना, साहेब.”

उत्तरं सगळी मिळाली होती. फक्त रोग्यानं एकही दिलं नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. बेरियम पाजून छातीचे फोटो काढायचे होते.

“उद्या सकाळी या,” ते म्हणाले. “उपाशीपोटी.”

मनोहररावांनी कपाळावर हात मारला. कुसुमताई प्रसन्न झाल्या.

दुसऱ्या दिवशी पुष्पलताबाई अंधाऱ्या खोलीत उभ्या राहून खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी प्याल्या. दुपारी डॉक्टरांनी फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. अन्ननलिका फुगून दुधीभोपळ्यासारखी झाली होती आणि पोटाच्या तोंडाशी चिमणीच्या चोचीएवढी निमुळती होऊन संपली होती. पांढरं पाणी भोपळ्यातच थांबलं होतं. त्यात काळपट ठिपके होते.

“हे काय आहे जी?” मनोहररावांनी विचारलं.

“भात. परवा रविवारी खाल्लेला असेल.”

परवाचा भात पाहायला दोघं मायलेक पेटीपाशी वाकले.

“नळी घास खाली ढकलत नाही आणि खालचं तोंड उघडत नाही,” डॉक्टर म्हणाले. “आजार आहे हा. हात वर करून त्या पाणी खाली रेटत होत्या, सूर्याला जोडत नव्हत्या. ऑपरेशन करून तिथला स्नायू कापावा लागेल. लवकर करा. आणखी पाच किलो उतरल्या, तर मला हात लावता येणार नाही.”

“आणि व्रत?” कुसुमताईंनी विचारलं.

“व्रताचं फोटोत काही दिसत नाही.”

मनोहररावांना आधी हायसं वाटलं आणि लगेच तीन वर्षांचा संताप एकदम वर आला. इतके सोमवार, इतके गुरुवार, इतकी डोकेफोड!

“अवं, घशाखाली उतरत नाही, हे तोंडानं सांगायचं होतं ना!” ते ओरडले. “काहून नाही सांगतलं?”

पुष्पलताबाईंनी पदर सारखा केला. दोन दिवसांत त्या पहिल्यांदाच बोलल्या.

“सांगतलं होतं.”

“कधी?”

“घास अडकला त्या पहिल्याच दिवशी, पानावर. मग दिवाळीत. तुम्ही म्हटलं, नखरे नको करू, अजून एक पोळी घे. आईंनी दोन वाढल्या. उपास आहे म्हटलं, की कोणी वाढत नाही.”